मत, पट्टा आणि ठराव

माणिकगडच्या पहाडावरच्या चौदा गावांनी ३० नोव्हेंबर २०२३ ते २० नोव्हेंबर २०२४ या काळात, म्हणजे पुरतं वर्षही उलटायच्या आत, चार मोठी मतदानं पाहिली. आधी तेलंगणाची विधानसभा. मग १९ एप्रिलला चंद्रपूर लोकसभा, १३ मेला आदिलाबाद लोकसभा, आणि दिवाळी आटोपल्यावर महाराष्ट्राची विधानसभा. परमडोली, मुकादमगुडा, महाराजगुडा, अंतापूर, येसापूर, भोलापठार ही त्यांतली काही गावं. महाराष्ट्राच्या दप्तरात ती चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवती तालुक्यात आणि राजुरा विधानसभा मतदारसंघात आहेत. तेलंगणाच्या दप्तरात आसिफाबाद मतदारसंघात. त्यामुळे गावात ग्रामपंचायती दोन, सरपंच दोन, शाळा दोन, आणि घरोघरी रेशनकार्डं दोन, मतदार ओळखपत्रंही दोन. महाराजगुड्यात तर एक घर असं आहे की त्याचं स्वयंपाकघर तेलंगणात पडतं आणि निजायच्या खोल्या महाराष्ट्रात.

कायदा याबाबत अगदी स्पष्ट आहे. लोकप्रतिनिधित्वाच्या १९५० च्या कायद्याप्रमाणे एका माणसाचं नाव एकाहून अधिक मतदारसंघांत असता कामा नये. १९५१ चा कायदा सांगतो की सार्वत्रिक निवडणुकीत एकाच प्रकारच्या दोन मतदारसंघांत मत दिलं, तर दोन्ही मतं बाद. शिवाय केंद्रात शिरताच डाव्या हाताची तर्जनी तपासली जाते आणि तिच्यावर आधीची खूण असली तर मशीनपर्यंत पोहोचता येत नाही. २०१९ मध्ये चंद्रपूर आणि आदिलाबाद या दोन्ही लोकसभा जागांचं मतदान ११ एप्रिल या एकाच दिवशी आलं होतं. २०२४ मध्ये दोन मतदानांत चोवीस दिवसांचं अंतर होतं, आणि नखावरची शाई नख वाढेपर्यंत जात नाही.

एवढ्यावरून या लोकांना 'दुबार मतदार' ठरवणं सोपं आहे, पण ते अन्यायाचं होईल. दोन्ही राज्यांचे कर्मचारी आपापली यादी घेऊन त्यांच्या दारात आले आणि दोघांनीही नाव लिहून नेलं. हा गुंता गावांनी केलेला नाही. ही गावं ज्यात मोडत, तो राजुरा तालुका निजामाच्या काळापासून आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत तो नांदेडला जोडला गेला आणि १९५९ मध्ये चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला आला. कागदावरची रेघ सरकली, पण पहाडावर ती नेमकी कुठून जाते हे कुणी शेवटपर्यंत पक्कं केलं नाही. नव्वदच्या दशकात हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ही चौदा गावं महसुली दप्तरात पूर्णपणे आपल्याकडे घेण्याची प्रक्रिया सुरू करत असल्याचं जाहीर केलं.

गावकऱ्यांना मतापेक्षाही जास्त हवा आहे तो जमिनीचा पट्टा. गोंड आणि कोलाम इथले जुनेच. त्यांच्या जोडीला साठ-सत्तरच्या दशकांत, विशेषतः १९७२ च्या दुष्काळाच्या आगेमागे, मराठवाड्यातून बंजारा, दलित आणि इतर समाजांची कुटुंबं पहाडावर चढली आणि जंगल मोडून त्यांनी कापूस-ज्वारीची शेती केली. वनहक्क कायदा २००६ मध्ये आला तेव्हा आदिवासींसाठी १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा पुरेसा होता. बिगर आदिवासींना मात्र तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. सत्तरच्या दशकात आलेला माणूस हा पुरावा आणणार कुठून? त्यात आणखी एक पेच आहे. बंजारा समाज तेलंगणात अनुसूचित जमातीत मोडतो आणि महाराष्ट्रात विमुक्त जातींत. म्हणजे तोच माणूस, तेच शेत, आणि दाव्याचा निकाल सीमा कुठे धरली यावर ठरणार. तेलंगणाने २०१९ पासून वृद्धांची पेन्शन २,०१६ रुपये केली, महाराष्ट्रात ती रक्कम २०२३ मध्ये १,५०० झाली. अशा स्थितीत दोन्हीकडची ओळखपत्रं जपून ठेवणारा माणूस लबाडी करत नसतो. एका सरकारने हात वर केले तर दुसऱ्याच्या दप्तरात तरी आपलं नाव सापडावं, एवढीच त्याची धडपड असते.

चांदा आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांतल्या मतदानाकडे याच बाजूने पाहिलं तर ते समजतं. मुंबई-पुण्याहून विचारला जाणारा नेहमीचा प्रश्न असतो: हा बालेकिल्ला कुणाचा? त्याचं उत्तर इथे दर निवडणुकीला बदलतं, आणि ते लोक चंचल आहेत म्हणून नव्हे. जंगल खात्याच्या, खाणीच्या किंवा धरणाच्या कागदावर आपण आहोत की नाही, हा इथल्या माणसाचा पहिला प्रश्न आहे, आणि पक्षाचा झेंडा त्यानंतर येतो.

चंद्रपूर लोकसभेचे आकडेच पाहावेत. हंसराज अहिर २००४, २००९ आणि २०१४ असे सलग तीनदा भाजपकडून निवडून आले. २००९ नंतर तर ही जागा भाजपची म्हणूनच धरली जायची. २०१९ मध्ये देशभर भाजपची लाट असताना काँग्रेसला महाराष्ट्रात एकच जागा मिळाली, ती हीच. काँग्रेसने आधी दुसऱ्याच उमेदवाराचं नाव जाहीर केलं होतं. ऐनवेळी ते बदलून शिवसेनेचे वरोऱ्याचे आमदार सुरेश उर्फ बाळू धानोरकर यांना उभं केलं आणि त्यांनी अहिरांना सुमारे ४५ हजार मतांनी हरवलं. मे २०२३ मध्ये धानोरकर गेले. २०२४ मध्ये त्यांच्या पत्नी प्रतिभा धानोरकर उभ्या राहिल्या आणि सुधीर मुनगंटीवारांसारख्या मुरलेल्या मंत्र्यावर त्यांनी २ लाख ६० हजारांची आघाडी घेतली. मुनगंटीवार स्वतःच्या बल्लारपूर मतदारसंघातही मागे पडले.

सात महिन्यांनी विधानसभा झाली. तोच जिल्हा, तेच मतदार, आणि निकाल उलटा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सहापैकी पाच जागा भाजपकडे गेल्या. काँग्रेसच्या हाती ब्रह्मपुरीत विजय वडेट्टीवारांची एकच जागा उरली. बल्लारपुरात मुनगंटीवार पुन्हा आमदार झाले, राजुऱ्यात काँग्रेसचे सुभाष धोटे थोडक्यात पडले.

या दोन निकालांच्या मधल्या महिन्यांत लाडकी बहीण योजनेचे दीड हजार रुपये खात्यात यायला लागले होते, हे खरं. पण सगळी उलथापालथ तेवढ्यावर घालून मोकळं होता येणार नाही. लोकसभेच्या वेळी दोन गोष्टी एकत्र आल्या होत्या. कुणबी समाज धानोरकरांच्या मागे एकवटला, आणि 'चारशे पार'च्या घोषणेने संविधानाचा प्रश्न गावागावांत पोहोचला. चंद्रपुरात या दुसऱ्या प्रश्नाचं वजन वेगळंच आहे. नागपूरनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, डॉ. आंबेडकरांनी याच शहरात हजारोंना धम्मदीक्षा दिली होती. २०१९ मध्ये वंचित बहुजन आघाडीला या मतदारसंघात लाखाहून अधिक मतं पडली होती. २०२४ मध्ये ती आटली आणि त्यांतली बरीचशी काँग्रेसकडे वळली असावीत. विधानसभेला प्रश्न वेगळा झाला: तहसीलमधलं काम कोण करून देणार, वाघाने बैल नेला तर भरपाईच्या फायलीमागे कोण लागणार. त्याचं उत्तर बहुतेक ठिकाणी सत्तेतला माणूस असं निघालं.

वैनगंगेच्या काठच्या झाडीपट्टीत, म्हणजे ब्रह्मपुरी, आरमोरी, वडसा या पट्ट्यात, हे जवळून दिसतं. दिवाळीनंतर इथे नाटकांचा हंगाम सुरू होतो. गावात दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, आणि त्या रात्री नाटक, असा बेत असतो. नाटकाचं उद्‌घाटन आमदार, माजी आमदार किंवा उद्याचे इच्छुक करतात. नऊ-दहाच्या सुमाराला मंचावर सत्कार, नारळ, मग छोटी भाषणं. भाषणात विचारधारा फारशी नसते. धानाचा बोनस, रस्ता, वाघाचा बंदोबस्त आणि पांदण रस्त्याचं खडीकरण असतं. समोर चटयांवर बसलेले शे-पाचशे लोक कोण आलं आणि कोण आलं नाही, हे नीट ध्यानात ठेवतात. पुढाऱ्याला आपल्या गावची ओळख आहे की नाही, याची ती परीक्षाच असते.

या पट्ट्यातल्या बायांनी मताचा जो वापर केला, तो तर स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे. गडचिरोलीत १९९३ मध्ये दारूबंदी झाली ती लोकांच्या रेट्यामुळे. चंद्रपूरच्या दारूबंदीसाठी पारोमिता गोस्वामींच्या श्रमिक एल्गारने २०१० मध्ये चिमूरहून नागपूरच्या विधानभवनावर बायांचा मोर्चा नेला. २०१४ च्या निवडणुकीत मुनगंटीवारांनी बंदीचं वचन दिलं आणि १ एप्रिल २०१५ पासून ती लागू झाली. २०२१ मध्ये महाविकास आघाडी सरकारने ती उठवली. वडेट्टीवार तेव्हा जिल्ह्याचे पालकमंत्री होते आणि बंदी उठवण्याच्या बाजूने होते. तरी २०२४ मध्ये ब्रह्मपुरीने त्यांनाच निवडलं. त्याआधी २०१९ मध्ये गोस्वामी आम आदमी पक्षाकडून ब्रह्मपुरीतच उभ्या राहिल्या होत्या आणि पडल्या. हजारो बायांना रस्त्यावर आणणारं आंदोलन मतपेटीत का उतरत नाही, हा प्रश्न इथल्या प्रत्येक चळवळीला छळत आला आहे. शेतकरी संघटनेचे वामनराव चटप राजुऱ्यातून तीनदा आमदार झाले, पण लोकसभेला २०१४ मध्ये आम आदमी पक्षाकडून दोन लाखांच्या आसपास मतं घेऊनही ते तिसरेच राहिले.

दक्षिणेला प्राणहितेच्या काठी अहेरी आहे. इथे चिन्ह बदलतं, आडनाव बदलत नाही. २००९ मध्ये दीपक आत्राम अपक्ष निवडून आले. २०१४ मध्ये राजे अम्ब्रीशराव आत्राम भाजपकडून, २०१९ मध्ये धर्मरावबाबा आत्राम राष्ट्रवादीकडून, आणि २०२४ मध्ये तेच अजित पवारांच्या राष्ट्रवादीकडून. २०२४ ची लढत तर घरातच झाली. धर्मरावबाबांसमोर अम्ब्रीशराव अपक्ष होते, आणि शरद पवारांच्या पक्षाकडून खुद्द धर्मरावबाबांची मुलगी भाग्यश्री आत्राम होत्या. घर फोडू नका, असं अजित पवारांनी सभेत जाहीरपणे सांगूनही त्या लढल्या. धर्मरावबाबा सुमारे १७ हजारांनी निवडून आले, आणि पहिल्या तीन क्रमांकांवर तिघेही आत्राम होते.

याला नुसती सरंजामी निष्ठा म्हणणं अपुरं आहे. अहेरीच्या राजघराण्याला स्वतःचं असं राजकारण होतं. राजे विश्वेश्वरराव आत्राम यांनी नागविदर्भ आंदोलन समिती काढली, वेगळ्या विदर्भाची मागणी लावून धरली आणि १९७७ मध्ये ते चंद्रपूरचे खासदार झाले. त्याही आधी, १९६२ मध्ये, चांद्याने लाल श्याम शाह या गोंड जमीनदाराला अपक्ष म्हणून लोकसभेत पाठवलं होतं, आणि आदिवासींच्या प्रश्नावर १९६४ मध्ये त्यांनी खासदारकी सोडून दिली. म्हणजे राष्ट्रीय पक्षाला बाजूला सारून आपल्यातला माणूस पाठवण्याची रीत इथे साठ वर्षांहून जुनी आहे. मात्र ज्याला पाठवलं तो जंगलासाठी किती उभा राहिला, हा हिशेब पुढच्या पिढ्यांनी कठोरपणे मागायला हवा होता, आणि तो पुरेसा मागितला गेला नाही. याच मतदारसंघातल्या सिरोंच्याच्या शेतकऱ्यांचं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. तेलंगणाच्या मेडीगड्डा बंधाऱ्याचं उद्‌घाटन जून २०१९ मध्ये झालं तेव्हा महाराष्ट्राचे मुख्यमंत्रीही तिथे हजर होते. पाणी तेलंगणाला मिळालं, आणि गोदावरीच्या फुगवट्यात शेतं बुडाली ती सिरोंच्याची. मोबदल्यासाठी तिथल्या लोकांना उपोषणाला बसावं लागलं.

गडचिरोलीतल्या मतदानाबद्दल बोलताना बंदुकीला वगळता येत नाही. ८ ऑक्टोबर २००९ रोजी भामरागड तालुक्यातल्या लाहेरीजवळ १७ पोलीस मारले गेले. विधानसभेचं मतदान पाच दिवसांवर होतं. २०१९ मध्ये लोकसभेचं मतदान आटोपलं आणि १ मे रोजी जांभुळखेड्यात भूसुरुंगाने १५ पोलीस आणि एका खासगी गाडीचालकाचा जीव घेतला. दादालोकांची, म्हणजे नक्षलवाद्यांची, बहिष्काराची पत्रकं दर निवडणुकीला झाडांवर लागत. धर्मरावबाबांचं १९९१ मध्ये अपहरणही झालं होतं. म्हणूनच आरमोरी, गडचिरोली, अहेरी आणि आमगाव या विधानसभा क्षेत्रांत २०२४ ला लोकसभेचं मतदान सकाळी सातला सुरू होऊन दुपारी तीनलाच संपलं. केंद्रावरचे कर्मचारी हेलिकॉप्टरने तळावर उतरतात आणि तिथून पोलीस पहाऱ्यात चालत केंद्र गाठतात.

आणि तरीही गडचिरोली-चिमूर मतदारसंघात २०२४ ला ७१.८८ टक्के मतदान झालं. दक्षिण मुंबईत ते पन्नास टक्क्यांच्या आसपास रेंगाळलं होतं. एकीकडून पत्रक आणि दुसरीकडून गस्त, या दोघांच्या मधून पायपीट करून रांगेत उभ्या राहिलेल्या माडिया आदिवासी बाईचं मत हे देशातल्या सर्वांत धीराच्या मतांपैकी एक आहे. तिच्याकडे 'मागास भागातला मतदार' म्हणून पाहणं थांबलं पाहिजे.

ती रांगेत उभी राहण्याआधी गावात काय घडलेलं असतं, ते बाहेर क्वचितच कळतं. धानोऱ्याजवळच्या मेंढा-लेखा गावाने 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा दिली, ती आता पुष्कळांना माहीत आहे. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या पुढाकाराने या गावाने बहुमताऐवजी सर्वसहमतीने निर्णय घ्यायची पद्धत बसवली. २००९ मध्ये त्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. त्यानंतर जिल्ह्यातल्या शेकडो ग्रामसभा बांबू आणि तेंदूपानाचा लिलाव स्वतः करू लागल्या. ज्या ग्रामसभेने लाखोंच्या व्यवहाराची पावती फाडली, ती मताबद्दलही ठराव करू लागली यात नवल नाही.

हा ठराव कसा होतो? गोटुलात, म्हणजे गावाच्या सामाईक घरात, किंवा झाडाखाली गाव बसतं. एका गावाचं झालं की अनेक गावांचा पारंपरिक इलाका बसतो. सुरजागड इलाक्यात तर सत्तर गावं येतात आणि जानेवारीत ठाकूरदेवाच्या यात्रेला ती पहाडावर जमतात. बोलणं माडियात किंवा गोंडीत, कागद मराठीत. कुणाला पाठिंबा यापेक्षा कशासाठी पाठिंबा, यावर वेळ जातो. शेवटी नोंदवहीत सह्या आणि अंगठे.

फेब्रुवारी २०१७ च्या जिल्हा परिषद निवडणुकीत या ग्रामसभांनी स्वतःचे उमेदवार दिले. भामरागडचे वकील लालसू नोगोटी आणि एटापल्ली भागातले सैनू गोटा जिल्हा परिषदेवर गेले, कुठल्याही मोठ्या पक्षाच्या तिकिटाशिवाय. त्या वेळी सुरजागडच्या लोहखनिजाचा प्रश्न पेटलेला होता. डिसेंबर २०१६ मध्ये नक्षलवाद्यांनी तिथली सत्तर-ऐंशी वाहनं जाळली होती. २०२१ मध्ये खाणकाम पुन्हा सुरू झालं. वर्षाला ३० लाख टनांवरून १ कोटी टनांपर्यंत उत्पादन वाढवण्याची जनसुनावणी ऑक्टोबर २०२२ मध्ये झाली, पण ती एटापल्लीला नाही, लांबच्या गडचिरोलीत, जिल्हाधिकारी कार्यालयात. ज्यांच्या पहाडाचा प्रश्न, त्यांना तिथवर पोहोचणंच अवघड होतं. २०२३ मध्ये तोडगट्ट्याला नव्या खाणींविरुद्ध महिनोन्‌महिने आंदोलन चाललं आणि नोव्हेंबरमध्ये पोलिसांनी ते उठवलं.

त्यामुळेच एप्रिल २०२४ मध्ये जे घडलं त्याची दखल देशाने घ्यायला हवी होती. जिल्ह्यातल्या सुमारे १,४५० ग्रामसभांनी काँग्रेसचे उमेदवार डॉ. नामदेव किरसान यांना सशर्त पाठिंबा दिला. सशर्त हा शब्द इथे नेमका आहे. जंगल, जमीन, वनहक्क आणि खाणींबाबतच्या अटी लिहून दिल्या होत्या. किरसान सुमारे १ लाख ४१ हजार मतांनी निवडून आले आणि भाजपचे अशोक नेते, जे २०१४ पासून खासदार होते, ते पराभूत झाले. या विजयात आमगाव, ब्रह्मपुरी, चिमूरचाही वाटा होता. तो सगळा ग्रामसभांच्या नावावर टाकणं बरोबर नाही. पण जाहीरनामा उमेदवाराने द्यायचा आणि मतदाराने वाचायचा, ही रीत इथे उलटी झाली.

विधानसभेला हा एकोपा टिकला नाही. आरमोरी काँग्रेसच्या रामदास मसरामांनी घेतली, गडचिरोली भाजपच्या डॉ. मिलिंद नरोटेंनी, अहेरीचं वर आलंच आहे. खाणीत आणि कोनसरीच्या पोलाद कारखान्यात पगारावर लागलेली पोरं आता याच गावांत आहेत. एकाच घरात बाप ठाकूरदेवाच्या पहाडासाठी सही करतो आणि मुलगा त्याच पहाडावर डंपर चालवतो. या दोघांपैकी कुणाला दोष द्यायचा? जानेवारी २०२५ मध्ये अहेरीहून गर्देवाडापर्यंत एसटी सुरू झाली. स्वातंत्र्यानंतर ७७ वर्षांनी. त्याच दिवशी तारक्का या बड्या नक्षल नेत्यासह अनेकांनी मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रं ठेवली. बंदूक मागे हटते आहे ही फार मोठी गोष्ट आहे, आणि रस्ता आणणाऱ्याला मत देणं ही काही मतदाराची चूक नव्हे.

बिगर आदिवासींचं दुखणं मात्र चर्चेत कायम मागे राहतं. जिल्ह्यात ओबीसींचं नोकरीतलं आरक्षण बराच काळ १९ वरून ६ टक्क्यांवर आणलेलं होतं. त्यातच जून २०१४ मध्ये राज्यपालांची अधिसूचना निघाली: अनुसूचित क्षेत्रातली ठरावीक पदं फक्त स्थानिक आदिवासींमधून भरायची. तेली, कुणबी, माळी समाजांतल्या डी.एड. झालेल्या पोरांना वाटा बंद झाल्या. त्या वर्षीच्या विधानसभेला गडचिरोली मतदारसंघात 'नोटा'ला १७,५१० मतं पडली, राज्यात सर्वाधिक. त्याआधी लोकसभेलाही गडचिरोली-चिमूर मतदारसंघ नोटामध्ये राज्यात पहिला होता. यात ओबीसींचा संताप किती आणि ग्रामसभांचा नकार किती, हे वेगळं काढणं अवघड आहे, पण दोघांनीही तेच बटण दाबलं असणार. आदिवासी आणि ओबीसी या दोन वंचितांना एकमेकांसमोर उभं करून निवडणुका जिंकण्याचा मोह सगळ्याच पक्षांना झाला, आणि जिल्ह्याने त्याची किंमत मोजली.

२०१७ मध्ये निवडून आलेल्या जिल्हा परिषदेची मुदत २०२२ मध्ये संपली आणि तिथे प्रशासक बसले. ग्रामसभांचे उमेदवार ज्या एका सभागृहापर्यंत पोहोचू शकले होते, तेच सभागृह तीन वर्षांहून अधिक काळ लोकप्रतिनिधींविना चाललं. खासदाराकडे नेलेल्या अटींचा पाठपुरावा दिल्लीत होतो. पण शाळेचा शिक्षक, आरोग्य केंद्राचा डॉक्टर आणि गावापर्यंतचा रस्ता यांचा निर्णय गडचिरोलीत होतो. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये स्थानिक संस्थांच्या निवडणुका घेण्याचा आदेश दिल्यापासून भामरागड-एटापल्लीच्या इलाक्यांसमोर कामाचा प्रश्न आहे: पुन्हा स्वतःचे उमेदवार द्यायचे, की मोठ्या पक्षाशी लेखी बोलणी करायची. दोन्हींसाठी गावाला बसावं लागेल, आणि या वेळी खाणीत कामाला जाणाऱ्या पोरांनाही त्या बैठकीत धरावं लागेल.